गणपती आटोपून किनाऱ्याने परतताना: पाऊस, गाडी आणि वाटेतले पशुपक्षी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागते: महामार्गाच्या कोंडीत अडकण्यापेक्षा किनाऱ्याने यावं का, आणि वाटेत काय बघायला मिळेल? खालची उत्तरं मालवण-रत्नागिरीकडून मुंबई-पुण्याला स्वतःच्या गाडीने परतणाऱ्यांसाठी आहेत. जून-जुलैत गावी जाऊन येणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. किनाऱ्याने आलो तर लवकर पोहोचतो का?

नाही. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग नकाशावर सलग दिसतो, पण वाटेत खाड्या आहेत. काहींवर पूल आहेत, काही ठिकाणी अजून फेरीबोटीनेच गाडी पलीकडे न्यावी लागते. शिवाय रस्ता वाड्यांमधून जातो. समोरून एसटी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं, आणि पावसात ती साइडपट्टी म्हणजे लाल चिखल. मालवण ते मुंबई पूर्ण किनाऱ्याने यायचं तर दोन दिवस आणि एक मुक्काम धरा.

एकाच दिवसात घर गाठायचं असेल तर किनाऱ्याचा एकच तुकडा निवडा आणि बाकीचं अंतर राष्ट्रीय महामार्ग ६६ ने कापा. आमची पसंती रत्नागिरी, आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड, फेरीबोटीने तवसाळ, हेदवी, गुहागर आणि शृंगारतळीवरून चिपळूण या तुकड्याला. समुद्र, कातळ, खाडी, भातशेती आणि जंगलाची कड एवढं सगळं एकाच दिवसात इथे मिळतं. चिपळूणला पुन्हा महामार्ग लागतो.

२. पावसात दिसतं तरी काय? पक्षी तर हिवाळ्यात येतात ना?

स्थलांतरित बदकं हिवाळ्यात येतात. पावसाळ्याची मंडळी वेगळी, आणि महिन्यागणिक बदलणारी.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरींना भातखाचरांत पिवळेधमक बेडूक ओरडू लागतात. हे नर असतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवणारे. हा रंग विणीपुरताच टिकतो, पुढे ते पुन्हा मातकट होतात. याच दिवसांत मासे ओढ्यांतून वर चढतात. त्याला वलगण म्हणतात. ते अंडी घालायला निघालेले असतात, म्हणून पिशव्या भरभरून नेऊ नयेत असं आमचं मत आहे, कोकणात ते फारसं लोकप्रिय नसलं तरी. राईंतून नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते, आणि तिबोटी खंड्या दाखल होतो (प्रश्न १२ पाहा).

जुलैत खाचरांच्या बांधांवर लाजरी पाणकोंबडी काळी पिल्लं घेऊन फिरते आणि सुगरणींची विणकाम-वसाहत भरात असते. ऑगस्टपासून उत्तरेकडचे चिखलपक्षी खाड्यांवर उतरू लागतात: तुतवार, चिखल्या, टिलवा. लवकर आलेल्या चिखल्यांच्या छातीवर विणीचा तांबूस पट्टा अजून शिल्लक असतो. हिवाळ्यात तेच पक्षी राखाडी दिसतात आणि ओळखताना डोकं खातात. गणपतीत परतणाऱ्यांना हा मोका आपोआप मिळतो.

३. नेमकं कुठे थांबायचं?

दिवसाला दोनच थांबे ठरवा, प्रत्येकी तासभराचे. पाच ठरवले की पाचही ठिकाणी घड्याळाकडेच बघणं होतं. पर्याय असे:

भाट्ये खाडी, रत्नागिरी. पुलावर थांबू नका. पूल ओलांडून गाडी सुरक्षित जागी लावा आणि चिखलाच्या पट्ट्यावर दुर्बीण लावा. भरतीचं गणित जमलं तरच हा थांबा फळतो (प्रश्न ४ पाहा).

आरे-वारे. रस्ता डोंगराच्या कडेने समुद्रावरून जातो. वारा डोंगराला आपटून वर चढतो आणि त्या झोतावर ब्राह्मणी घारी व पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड पंखही न हलवता तरंगतात. पुष्कळदा पक्षी तुमच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा खालीच असतो. गरुडाची ओळख म्हणजे पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले, शेपटी आखूड, पाचरीसारखी आणि टोकाला पांढरी. खाली खडकांवर काळपट बगळा दिसला आणि त्याच्या शेजारी तसाच पांढरा, तर दोन जाती समजू नका. समुद्री बगळ्याची ही दोन रूपं आहेत.

कातळाचा सडा. रत्नागिरी आणि गणपतीपुळ्याच्या आसपास जांभ्याची पठारं आहेत. जून-जुलैत पांढरी दीपकाडी फुलते, ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद आणि सीतेची आसवं. चंडोल आणि टिटवी उघड्या जमिनीवर घरटं करतात, त्यामुळे गाडी सड्यावर चढवायची नाही आणि चालताना मळलेली पायवाट सोडायची नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर अंडी तुमच्या पायाशी आहेत असं समजून आल्या वाटेने मागे फिरा.

जयगड-तवसाळ फेरीबोट. हा थांबा फुकटचा. बोट येईपर्यंत धक्क्यावरून कांदळवनाची कड बघत बसा. खंड्या, बगळे, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या (हे छोटे मासे) आणि एकच नांगी मोठी असलेले इवले खेकडे इथे बिनकष्टाचे दिसतात.

कर्नाळा. मुंबईकरांसाठी शेवटचा थांबा, पनवेलच्या अलीकडे अगदी महामार्गावरच. दुपारनंतर पोहोचलात तर सोडून द्या. झाडीत उजेड लवकर संपतो.

४. भरती-ओहोटी कशी काढायची? मोबाइलला रेंज नसते.

कोळीवाड्यांतला जुना हिशोब आजही चालतो: तिथीची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे भरती पूर्ण भरण्याची अंदाजे वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. अनंत चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेचार-पाचला. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचं. हिशोबात तासभर मागेपुढे धरा. मुंबईपेक्षा रत्नागिरी-मालवणला भरती थोडी आधी येते. रोज ती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, त्या वेळी चिखल कमीच उघडा पडतो. पाच-सहा दिवसांचे गणपती करून निघणारे नेमके भांगाच्या दिवसांत सापडतात.

पक्षी बघायला पूर्ण ओहोटी उत्तम, हा समज चुकीचा आहे. तेव्हा ते दूरवर विखुरलेले असतात आणि दुर्बिणीतही ठिपकेच दिसतात. भरती भरायच्या दोन-अडीच तास आधी पोहोचा. पाणी चढेल तसे पक्षी काठाकडे ढकलले जातात आणि आपसूक जवळ येतात. खेकडे आणि निवट्या बघायच्या असतील तर मात्र ओहोटीच हवी.

५. फेरीबोट पावसाळ्यात चालू असते का?

खाडीतल्या गाड्यांच्या फेरीबोटी (जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी) साधारण चालू असतात. वादळी वारा, मोठं उधाण किंवा दाट पाऊस असला की बंद ठेवतात, आणि तो निर्णय त्या वेळीच होतो. म्हणून फाटा सोडण्यापूर्वी फोन करून विचारा. धक्क्यावर पोहोचल्यावर बंद कळलं तर खाडीला वळसा घालून जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. शेवटच्या बोटीच्या भरवशावर बेत आखू नका.

धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, एका लयीत उतरा. मध्येच ब्रेक मारला तर चाकं घसरतात. ओहोटीला उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो आणि खाली बसलेल्या गाडीचा बंपर घासतो. जड सामान आणि दोन माणसं उतरवली की सहसा निभावतं. बोटीवर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही टाका.

६. निघण्यापूर्वी गाडीत काय तपासायचं?

टायर. नक्षीची खोली १.६ मि.मी. ही कायद्याची किमान मर्यादा, पण पावसाला ती पुरत नाही. ३ मि.मी.च्या खाली गेली असेल तर बदला. खाचा पाणी बाहेर फेकू शकल्या नाहीत की चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. तसं झालं तर ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि चाक सरळ धरा.

वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं, ते दरवर्षी बदलावं. रबर नवं असूनही काच फराटते तेव्हा दोष काचेवरच्या तेलकट थराचा असतो. भांड्यांच्या साबणाने आतून-बाहेरून धुवा. पेट्रोल-डिझेल रत्नागिरी किंवा चिपळूणसारख्या मोठ्या गावात भरून घ्या.

पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका. वळताना मागच्याला काहीच कळत नाही. ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चालताना हेडलाइट लो-बीमवर ठेवा.

७. काच सारखी धुरकट होते. एसी लावावा की बंद करावा?

आधी बोट फिरवून बघा, धुकं आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर एसी चालू, वारा काचेवर, आणि हवा बाहेरची घ्या. आतलीच हवा फिरवत ठेवली तर ओल्या कपड्यांची आणि श्वासाची वाफ काचेवरच बसते. बाहेरून असेल तर काच फार गार झालेली आहे. वायपर एकदा फिरवा आणि एसीचं तापमान वाढवा. कोकणात हा दुसरा प्रकार जास्त होतो आणि लोक आतून फडकं मारत बसतात.

८. गाडीतून उतरलं की दुर्बीण आणि कॅमेरा धुरकटतो. बिघडलाय का?

बिघडलेला नाही. एसीत गार झालेल्या भिंगावर बाहेरची दमट हवा थिजते, बर्फाच्या पाण्याच्या पेल्यासारखी. थांब्याच्या २० मिनिटं आधी एसी बंद करून काचा थोड्या उघडा, किंवा वस्तू डिकीत बंद पिशवीत ठेवा. धुरकटलीच तर पुसू नका, मिठाचे कण भिंगावर ओरखडे काढतात. थोडं थांबा, आपोआप निवळेल. धुकं भिंगाच्या आतल्या बाजूला असेल आणि तासाभरानेही गेलं नाही, तर मात्र दुरुस्तीवाल्याकडे न्यावी लागेल.

ढगाळ उजेडाला ८×४२ ची दुर्बीण बरी. त्याहून जास्त मोठं करून दाखवणारी दुर्बीण वाऱ्यात स्थिर राहत नाही.

९. उतरल्याबरोबर पक्षी उडून जातात. काय चुकतं?

उतरणं चुकतं. पक्षी गाडीला घाबरत नाहीत, दोन पायांच्या आकृतीला घाबरतात. रस्त्यापासून पूर्ण बाजूला लावलेल्या गाडीत बसून राहा, इंजिन बंद करा (थरथर दुर्बिणीत दिसते) आणि पावसाच्या उलट्या बाजूची काच अर्धी खाली घ्या. किलोभर तांदूळ भरलेली कापडी पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून काचेच्या काठावर ठेवली की कॅमेऱ्याला टेकू होतो. पोरांना खाऊ आधीच वाटून द्या. कुरकुऱ्यांच्या पाकिटाचा आवाज हॉर्नपेक्षा वाईट.

घाटाच्या वळणावर, पुलावर, दरड कोसळलेल्या जागी आणि धबधब्याखाली थांबू नका. पक्षी कितीही दुर्मीळ असला तरी.

१०. रात्री चालवलं तर जास्त प्राणी दिसतील ना?

दिसतील, बरेचसे चाकाखाली. पावसाळी रात्री सातनंतर बेडूक, खेकडे आणि त्यांच्या मागे साप रस्त्यावर येतात. उदमांजर, कोल्हा, रानडुक्कर, सिंधुदुर्गात गवेही आडवे येतात. गुरं तर मुद्दाम डांबरावर बसतात, कारण शेतापेक्षा ते कोरडं असतं. ओल्या रस्त्यावर काळी म्हैस दिव्यात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अंधाराआधी मुक्कामी पोहोचा. जावंच लागलं तर खाचरांच्या आणि झाडीच्या पट्ट्यात वेग ताशी ३०-४० ठेवा.

एक प्राणी रस्ता ओलांडून गेला म्हणून लगेच निघू नका. रानडुक्कर आणि गवे एकटे क्वचितच असतात.

११. रस्त्यात साप आडवा पडलाय. हॉर्न वाजवावा की काठीने सरकवावा?

दोन्ही नको. हवेतला हॉर्नचा आवाज त्याला फारसा जाणवत नाही. काठीने मात्र तो तुमच्याकडे वळतो. मागे वाहन नाही हे बघून दहा-पंधरा मीटर मागे थांबा, चार इंडिकेटर लावा, दिवे मंद करा. बहुतेक साप दोन-चार मिनिटांत निघून जातात. अजगर हलत नसेल तर वन विभागाची मदतवाहिनी १९२६ वर कळवा, स्थानिक सर्पमित्र येतो.

हेच बेडकांच्या बाबतीत: पाच-दहा असतील तर वाट बघता येते. रस्ता भरून असतील तर त्या रस्त्याने त्या रात्री जाऊ नका.

१२. तिबोटी खंड्याचं घरटं कुठे आहे सांगाल का?

नाही. हा चिमणीएवढा, रंगांचा नुसता शिडकावा असलेला पक्षी रायगडचा जिल्हा पक्षी आहे. जून ते सप्टेंबर ओढ्याकाठच्या किंवा रस्त्यासाठी कापलेल्या मातीच्या उभ्या भिंतीत बीळ खणून तो पिल्लं वाढवतो. बिळासमोर माणसं उभी राहिली की आई-बाप चोचीत सरडा-कोळी धरून फांदीवर ताटकळतात आणि पिल्लं उपाशी राहतात. फोटो हवाच असेल तर घरट्यापासून दूर, सावलीच्या ओढ्याकाठी बसून वाट बघा. त्याची बारीक तीक्ष्ण शीळ आधी ऐकू येते. आवाजाची ध्वनिफीत लावू नका, आड येणाऱ्या फांद्या तोडू नका आणि घरट्याचं ठिकाण कुठेही टाकू नका.

१३. चिपळूणला मगरी नक्की दिसतात का?

वाशिष्ठीत मगरी आहेत, खेडच्या जगबुडीत आणि महाडच्या सावित्रीतही. हिवाळ्यात ओहोटीला त्या काठावर ऊन खात पडतात, तेव्हा हमखास म्हणता येईल. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि काठोकाठ असतं, ऊन नसतं, त्यामुळे दिसणं नशिबावर. उलट पूर आला की त्याच गावात येऊ शकतात. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर फिरणारी मगर लोकांनी चित्रित केली होती. म्हणून वाशिष्ठीच्या काठी झुडपात शिरणं, पाण्याच्या कडेला हात-पाय धुणं टाळा.

१४. कासवं आणि डॉल्फिन?

या मोसमात नाही. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालण्याची वेळ हिवाळ्यात असते आणि वेळास, आंजर्ल्याला पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रात जातात. डॉल्फिनच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. कुणी खवळलेल्या समुद्रात न्यायला तयार असेल तर बसू नका.

१५. वाळूवर दमलेला मोठा समुद्रपक्षी किंवा जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर?

पावसाळी वाऱ्याने खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर फेकले जातात. ते दमलेले आणि उपाशी असतात, त्यामुळे परत पाण्यात ढकलणं म्हणजे बुडवणं. टॉवेल टाकून, चोच डोळ्यांपासून लांब ठेवून उचला आणि भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. पाणी किंवा मासा तोंडात कोंबू नका. १९२६ वर कळवा आणि नेमकी जागा सांगा.

कासवही समुद्रात ढकलू नका. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका (नाकपुड्या झाकू नका), कुत्र्यांना हाकला. कातडीत रुतलेलं जाळं ओढून काढू नका, जखम वाढते. सुटं जाळं कापलं तर चालेल. पक्षी काय, कासव काय, बरं करायला म्हणून घरी नेणं वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो.

१६. कातळावर किंवा दगडाखाली हात घातला आणि साप चावला तर?

रत्नागिरीच्या जांभ्याच्या दगडांत फुरसं असतं, हाताच्या लांबीचं आणि मातीच्याच रंगाचं. चावलेला अवयव हलू देऊ नका, फळी किंवा दुमडलेलं वर्तमानपत्र बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं यांपैकी काही करू नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष कोणत्या रुग्णालयात आहे ते विचारूनच निघा. साप पकडून नेण्याची गरज नाही.

१७. मोरीवरून पाणी वाहतंय. पुढची गाडी गेली, आपण जावं का?

नाही. पुढची गाडी गेली तेव्हा खालचा रस्ता होता, आता असेलच असं नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी कडेला ढकलू शकतं. साचलेलं, न वाहणारं पाणी चाकाच्या निम्म्याहून कमी असेल तरच पहिल्या गिअरमध्ये हळू जा, आणि बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून कोरडे करा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिन उघडावंच लागतं.

१८. आम्ही पुण्याला जातो. आंबोलीमार्गे गेलो तर?

मग किनारा सोडावा लागेल, पण बदल्यात बेडूक आणि साप मिळतील. सावंतवाडीहून घाट चढून साधारण ७०० मीटरवर गेलं की मलबारी चापडा हा विषारी साप, झाडावरून झेपावणारा हिरवा बेडूक आणि २००९ मध्ये नव्याने वर्णन झालेला, फक्त याच भागात सापडणारा आंबोलीचा चट्टेरी भेक यांचा मुलूख लागतो. हे सगळं रात्री, पायी, जाणत्या स्थानिकाबरोबर बघायचं असतं. मुक्काम न करता नुसतं गाडीतून गेलात तर धुकं आणि कणसंच दिसतील. शनिवार-रविवार टाळा.

१९. पोरांनी शंख-शिंपले गोळा केलेत. घरी नेले तर चालतील?

काही जातींचे शंख कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे मोठे आणि अखंड शंख तिथेच ठेवलेले बरे. उरलेल्यांतही पुष्कळदा शंखखेकडा आत दडलेला असतो. तो दुसऱ्या दिवशी डिकीत मरतो आणि वास आठवडाभर जात नाही. किनारा सोडण्यापूर्वी सगळे शंख ओल्या वाळूवर तोंड खाली करून मांडा आणि दहा मिनिटं गप्प बसा. जे चालू लागतील ते तिथेच राहू द्या.